आमचं डोंगरातलं बंदर

सरकारी कामात सिमेंटच्या गोणीची नोंद होते, पण त्या गोणीवर बसून जे बोललं जातं त्याची कुठेच होत नाही. मी तीन वर्षं मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, उंची लिहीत आलो आणि बाकीचं सगळं डोक्यात साठत गेलं. तळोद्याहून आमच्या घाटावर जीपने जायला तीन तास लागतात, यायला साडेतीन, कारण येताना चढ आहे. मोलगी सोडलं की मोबाइलची रेंज जाते. मग माणूस करणार काय? कोणीतरी म्हणतं, "ते शेळ्यांचं आठवतंय का?" आणि गाडी सुरू होते, म्हणजे तोंडाची. परवा मित्रांमध्ये एक किस्सा सांगितला तर मंडळी मला उठूच देईनात. तेव्हा हे एकदा लिहूनच टाकतो.

*

मी सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनियर. बदलीचा आदेश आला त्यात कामाचं नाव होतं, 'नर्मदाकाठच्या मालवाहू धक्क्याची श्रेणीवाढ व विस्तारीकरण, भविष्यातील व्यापारवाढ विचारात घेऊन'. मी आदेश दोनदा वाचला. नंदुरबार जिल्ह्यात मिरची असते, पपई असते, पण बंदर?

तर त्याचं असं आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्याच्या पायथ्याशी नर्मदा वाहते. खाली गुजरातेत धरण झालं आणि पाणी मागे डोंगरात शिरलं. काठावरच्या पाड्यांना आजही नीट रस्ता नाही. रेशनचा तांदूळ, पत्रे, सिमेंट, मोटारसायकल, आजारी माणूस, सगळं नावेतून. त्या घाटावर आता उतरता रॅम्प, धक्का, मालाची शेड आणि एक मोठी लोखंडी बार्ज असा थाट होणार होता.

मी शहाद्याकडचा. वडिलांना आम्ही नाना म्हणतो, त्यांची पपईची बाग आहे. मी फोनवर बातमी दिली.

नाना अहिराणीत म्हणाले, "नंदुरबारले समुंदर कव्हय उना?" म्हणजे, समुद्र कधी आला?

"समुंदर नही नाना, नर्मदा शे. धरननं पानी."

नाना म्हणाले, "नंदुरबारले बंदर उनं, आन मन्हा बोरले घोटभर पानी नही."

पण गावात मात्र त्यांनी मुलगा 'पोर्ट'वर असल्याचं सांगून टाकलं. आठवड्याभरात आमचे शेजारी घरी हजर. त्यांना पपई दुबईला पाठवायची होती. मी सांगितलं, काका, आमच्या बंदरातून लांबात लांब जहाज जातं ते समोरच्या काठाला, मध्य प्रदेशात.

काका विचारात पडले. "मंग मध्य प्रदेशले धाडी दे. भाव काय शे तठे?"

*

घाटावर पहिल्या दिवशी भेटला तो दित्यादादा वसावे. डोंगरात वारावरून नावं ठेवतात, हा रविवारचा, म्हणजे दितवारचा, म्हणून दित्या. घरी बोली त्यांची स्वतःची, आमच्याशी मराठी, तीही मोजकी. वय विचारलं तर म्हणाला, "पाणी यायच्या आधी लग्न झालेलं." तेवढ्यात आपण काय ते समजून घ्यायचं. पाणी आल्यापासून तो याच पाण्यावर नाव चालवतो. शाळा दुसऱ्या गावात, तीही दुसरीपर्यंत.

त्याची एक सवय पहिल्याच फेरीत माझ्या लक्षात आली. घाट सोडून पंधराएक मिनिटं झाली, की चारी बाजूंना फक्त पाणी असताना तो सुकाणू न सोडता पायातल्या रबरी चपला काढून बाजूला सारायचा. दोनेक मिनिटं अनवाणी. मग परत पाय चपलांत. जाताना तेच, येताना तेच.

मी विचारलं, "हे काय, दादा?"

"सवय," तो म्हणाला.

आमचा ड्रायव्हर भटूनाना तळोद्याचा. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असतं, नसलं तर तो तयार करतो. "मैयाले नमस्कार शे तो," त्याने मला कानात सांगितलं, आणि पुढच्या फेरीपासून त्या जागी स्वतःही हात जोडायला लागला. वर मला कोपराने ढोसायचा, तुम्हीही जोडा म्हणून. मीही जोडले. आपलं काय जातंय?

दित्यादादाने मला एकच काम सांगितलं. कामाचा आदेश वाचून दाखवा. त्यात दोन ओळी त्याच्या होत्या. बार्ज सुरू झाली की या घाटावरून जुन्या नावा बंद. आणि बार्जला एक चालक नेमायचा, तो स्थानिक रहिवासी असला पाहिजे. त्याने त्या ओळी मला पुन्हा वाचायला लावल्या.

"म्हणजे माझी नाव जाणार."

"हो."

"बार्ज मिळाली तर मी पाण्यावर राहणार. नाही मिळाली तर?"

"बघू," मी म्हणालो. हा आमच्या खात्याचा सगळ्यात लाडका शब्द. त्याने मान हलवली आणि दोर गुंडाळायला घेतला. मला वाईट वाटलं, कारण पाण्यावर राहणार नाही म्हणजे तो कुठे राहणार हे मलाही माहीत नव्हतं.

*

आता शेळ्या.

धरणाचं पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळा सरता सरता काठोकाठ, आणि उन्हाळ्यात डोंगर उतरून पार खाली. डोंगरातल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. पण सर्व्हे करणारी मंडळी आली ती गणपतीनंतर. पाणी कुठपर्यंत आहे ते बघून त्यांनी खडकावर लाल रंगाची रेघ मारली, त्या रेघेवर काँक्रीट पडलं आणि नावा बांधायला चार दणकट लोखंडी खुंट उभे राहिले.

अक्षय तृतीयेला मी घाटावर गेलो तेव्हा खुंट डोंगरावर होते आणि पाणी इतकं खाली, की तिथला माणूस ओळखू येत नव्हता. दित्यादादा माझ्या शेजारी उभा होता. त्याने आधी खुंटाकडे बघितलं, मग खाली नावेकडे.

"दोर लांब लागेल, साहेब."

महिनाभराने वरून पत्र आलं. खुंटांचा वापर सुरू आहे काय, छायाचित्रासह कळवावे. मी खोटं कधी लिहीत नाही. फोटो काढून पाठवला. चार खुंट, प्रत्येकाला एक एक शेळी, समोर पाला टाकलेला.

उत्तर आलं, 'वापर समाधानकारक'.

त्यातनंच पुढे अक्कल आली आणि पाण्याबरोबर खालीवर होणारा तरंगता धक्का मंजूर झाला. म्हणजे शेळ्यांचे उपकारच म्हणायचे.

*

त्या मंजुरीसाठी एक कन्सल्टंट मॅडम आल्या. हुशार, कामसू, आणि उन्हात उभं राहायला न कचरणाऱ्या. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता, कुठल्यातरी मोठ्या बंदरासाठी केलेला. दगडावर बसून त्यांनी दित्यादादाला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सुटा माल काय येतो?"

"महूची फुलं. चारोळी. तांदूळ."

"अवजड माल?"

"लग्नातला डीजे."

मॅडमनी लिहिलं. डीजे कशात मोजायचा यावर त्यांची आणि माझी थोडी चर्चा झाली. शेवटी 'नग' ठरलं.

"धोकादायक माल कधी नेला आहे?"

दित्यादादा बराच विचार करत होता. "रेडा," तो म्हणाला. "एकदाच. मधे गेल्यावर त्याला परत जायचं झालं."

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण अख्ख्या प्रकल्पाचं नावच त्यावर होतं. मॅडमनी तो सावकाश, समजावून विचारला. "दादा, अजून दहा वर्षांनी या घाटावर किती माल येईल असं तुम्हाला वाटतं?"

"रस्ता झाला तर काहीच नाही," दित्यादादा म्हणाला. "नाही झाला तर सगळा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या म्हणाल्या, "हे वाक्य मला अहवालात घालता आलं असतं तर किती बरं झालं असतं." घातलं नाही अर्थात. अहवालात वाढीचा आलेख आला, खालून वर जाणारा, रंगीत.

*

मग आले मोठे साहेब. नवीन बदली होऊन आलेले, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले, आणि नियमाला पक्के. माणूस अत्यंत प्रामाणिक. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पिणारा. त्यांची ओळख म्हणजे पायातले काळे लेसचे बूट. जीपमध्ये सीटखाली त्यांचा ब्रश असायचा. घाटावर उतरायच्या आधी ब्रश मारायचा आणि मग उतरायचं.

पाणी खाली गेलं होतं, मधला उतार सगळा गाळ. आम्ही सगळ्यांनी चपला हातात घेतल्या. मी म्हणालो, "साहेब, बूट काढलेले बरे."

"पाटील," साहेब म्हणाले, "बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी साइटवर कधी बूट काढलेले नाहीत."

चौथ्या पावलाला साहेब गुडघ्यापर्यंत आत गेले. आम्ही चौघांनी धरून ओढलं. पहिला पाय आला, बुटासकट. दुसराही आला, बुटासकट. लेस अशी आवळलेली होती, की गाळाचंही काही चाललं नाही.

भटूनानाने वाकून नीट बघितलं. "पाय मझार शे ना, साहेब?" म्हणजे आतच आहे ना.

साहेब हसले नाहीत. पण ते मनात राग ठेवणारे होते असंही नाही. त्याच चिखलाच्या बुटांनी ते नावेत बसले, आणि मधल्या जागी दित्यादादाने नेहमीसारख्या चपला काढल्या त्या त्यांनी बघितल्या.

दुसऱ्या आठवड्यात परिपत्रक आलं. 'जलवाहन चालवताना चालकाने पादत्राणे घालणे सुरक्षेच्या दृष्टीने बंधनकारक राहील.'

मी ते दित्यादादाला वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या फेरीला त्या जागी चपला निघाल्याच. मी पाण्याकडे बघत बसलो, म्हणजे मला काही दिसलं नाही.

*

परिपत्रकापाठोपाठ सुरक्षेचं दुसरं प्रकरण आलं, लाइफ जॅकेट. नारिंगी, चकचकीत, खोकीच्या खोकी. प्रत्येक फेरीत सगळी वापरात असली पाहिजेत आणि फोटो आला पाहिजे असा हुकूम.

फोटो काढायला मी गेलो तर नावेतली माणसं तशीच बसलेली आणि जॅकेटं घातलीयत रेशनच्या गोण्यांना. नीट, पट्टे बांधून. एकेक गोणी पोट सुटलेल्या पुढाऱ्यासारखी बसलेली.

"दादा, हे माणसांसाठी आहे."

"माणूस पोहतो," दित्यादादा म्हणाला. "तांदूळ पोहत नाही."

मी तसाच फोटो काढला.

रॅम्पचं काँक्रीट टाकायचं होतं त्याच काळात. ठेकेदाराचा सुपरवायझर सुरतेकडचा, तरतरीत माणूस. त्याच्या वेळापत्रकात होळीला एक दिवस सुटी होती. डोंगरातली होळी एका दिवसाची नसते हे त्याला आम्ही सांगितलं, त्याने ऐकलं नाही. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार लागला आणि एका सकाळी साइटवर तो, मी आणि मिक्सर, तिघंच उरलो.

"हूं लई आवुं छुं," म्हणजे घेऊन येतो सगळ्यांना, असं म्हणून तो वर पाड्यावर गेला. तो काही परत येईना. तिसऱ्या दिवशी भटूनाना बघायला गेला आणि एकटाच खाली आला.

"सापडला का?"

"हां, सापडना ना. डोकावर मोरना टोप, कंबरले दुधीभोपळा. नाची ऱ्हायना." म्हणजे तो होळीत नाचत होता.

पाचव्या दिवशी सगळे मजूर आले, त्यांच्याबरोबर सुपरवायझरही आला. रॅम्प वेळेत झाला. पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात त्याने स्वतःच्या हाताने होळीला सात दिवस लिहिले.

*

बार्ज आली, तुकड्या तुकड्यांत ट्रकवरून, आणि काठावर जोडली गेली. तिच्याबरोबर ठेकेदाराने चालवायला एक माणूसही पाठवला. समुद्रावरचा, किनाऱ्याकडचा. सगळे त्याला मास्टर म्हणायचे. पांढरी टोपी, खिशात परवाने, वागायला एकदम सज्जन. कायमचा चालक नेमेपर्यंत तो चालवणार होता, आणि स्थानिक कोणी कागदात बसला नाही तर तोच कायम.

मास्टरने पाण्याकडे एकदा बघितलं. "लाट नाही, भरती नाही. हे तर तळं आहे."

दित्यादादा धक्क्यावर बसून होता. त्याला कोणी बार्जवर बोलावलं नव्हतं. तो नुसता म्हणाला, "डावीकडून नका जाऊ."

मास्टर डावीकडून गेला. अर्ध्या तासाने बार्ज जागच्या जागी घरघरत उभी. पंखा कशाततरी अडकला होता. दित्यादादा आपली नाव घेऊन गेला, मीही बसलो. त्याने बार्जखाली बुडी मारली, बऱ्याच वेळाने वर आला, हातात काळपट फांदीचा तुकडा.

"आंबा आहे," तो म्हणाला.

"पाण्यात आंबा?" मास्टर म्हणाला.

"गावरान. गोड होता."

मास्टरने टोपी काढली आणि पाण्यात वाकून बघितलं. वरून काहीच दिसत नव्हतं. "अजून काय काय आहे खाली?"

"गाव आहे," दित्यादादा म्हणाला. "शाळा नव्हती. बाकी सगळं."

त्या दिवसापासून मास्टरने त्याला सुकाणूजवळ बसवायला सुरुवात केली, आणि थोड्या दिवसांनी सुकाणूच त्याच्या हातात दिलं. स्वतः शेजारी बसून शिकायला लागला. मधल्या जागी दित्यादादा चपला काढायचा त्याचं मास्टरने वेगळंच निदान केलं. "तळव्याला कंप लागतो. त्यावरून खोली ओळखतो हा." मग तोही तिथे बूट काढून अनवाणी उभा राहायचा, डोळे मिटून. एकीकडे हा डोळे मिटलेला, एकीकडे भटूनाना हात जोडलेला. नव्याने बसलेल्या माणसाला वाटायचं, कुठलं देवस्थान आहे.

"काही कळलं का, मास्टर?" मी एकदा विचारलं.

"गार लागतं," मास्टर म्हणाला.

*

आता शेवटचं.

दित्यादादाने चालकाच्या जागेसाठी अर्ज केला. अर्ज मी भरला, मास्टरने शिफारस लिहिली. 'या पाण्यावर याच्याशिवाय बार्ज चालवणे मला सुरक्षित वाटत नाही,' असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, म्हणजे स्वतःची नोकरी स्वतः घालवण्याचा अर्ज केला म्हणा. मी तसं म्हणालो तर हसून म्हणाला, "मला आंबा झाडावर बघायची सवय आहे. घरी जातो."

शिक्षणाची अट शिथिल झाली. अनुभव मान्य झाला. अडलं ते रहिवासावर. स्थानिक रहिवासी म्हणजे कागदावरच्या कायमच्या पत्त्यावर प्रत्यक्ष घर हवं, आणि कोणीतरी जाऊन ते बघितलेलं हवं. दित्यादादाच्या सगळ्या कागदांवर एकच पत्ता, गावाचं नाव आणि घर क्रमांक. पाणी आलं तेव्हा तो वर टेकडीवर झोपडी बांधून राहिला, पण कागद कधी वर चढले नाहीत.

पडताळणीचा कागद पहिल्यांदा परत आला. 'सदर पत्त्यावर घर आढळून आले नाही.' मी पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच आलं असतं तर अर्ज बाद, जुन्या नावा बंद, आणि दित्यादादा घाटावर शेळ्या बांधायला मोकळा.

मी मोठ्या साहेबांच्या समोर उभा राहिलो. "साहेब, ते गाव आता..."

"पाटील, कागदावर पत्ता आहे ना? मग तुम्ही मला रिपोर्ट सांगू नका, घर दाखवा. मी स्वतः येतो."

जीपमध्ये बसताना भटूनाना माझ्या कानात म्हणाला, "आते संपनं. साहेब सोता जाई ऱ्हायना." साहेब स्वतः निघालेत म्हणजे संपलंच, असं मलाही वाटलं. साहेब आणि नियम यांच्यामधून सुई जात नसे. मला वाटलं दित्यादादा त्यांना टेकडीवरच्या झोपडीत नेईल, साहेब घर क्रमांक विचारतील आणि तिथेच विषय संपेल. त्या तीन तासांत मी एकही किस्सा सांगितला नाही.

घाटावर साहेबांनी बुटांना ब्रश मारला. पाणी काठोकाठ होतं, गाळ नव्हता. ते बार्जवर चढले, फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसले. "चला, दित्याभाऊ. पत्त्यावर."

दित्यादादाने सुकाणू धरलं. बार्ज टेकडीकडे वळलीच नाही. सरळ पाण्यात निघाली. मास्टरने माझ्याकडे बघितलं, मी भटूनानाकडे. पंधराएक मिनिटं झाली. ती जागा आली, तसे भटूनानाने सवयीने हात जोडले.

दित्यादादाने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. बार्ज थोडी पुढे सरकली आणि थांबली.

साहेबांनी वर बघितलं. "काय झालं? डिझेल?"

"घर आलं, साहेब," दित्यादादा म्हणाला, आणि त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या.

भटूनानाचे जोडलेले हात तसेच राहिले. मास्टर एकदम उठून उभा राहिला.

साहेबांनी पाण्याकडे बघितलं. मग त्यांनी फाइल उघडली, पडताळणीचा छापील नमुना वर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"घराचं तोंड?"

"उगवतीला."

"भिंती?"

"कुडाच्या. सारवलेल्या."

"चतुःसीमा सांगा."

दित्यादादा अनवाणी उभा राहून हात करत गेला. "इकडे खेमाकाकाचं घर. मागे गोठा. त्या अंगाला महू, दोन झाडं. पुढे अंगण, अंगणातून वाट, नदीला जायची."

"नदी किती लांब?"

"खाली," दित्यादादा म्हणाला. "बाई हंडा घेऊन गेली की भाकर होईपर्यंत यायची."

साहेबांनी सगळं लिहिलं, एकही शब्द न गाळता. शेवटच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते त्यांनी मोठ्याने वाचलं, कारण पंचांसमोर, म्हणजे आमच्यासमोर, वाचायचा नियम आहे. "अर्जदाराच्या कायमच्या पत्त्यावर समक्ष भेट दिली. घर आढळले."

मग त्यांनी कागद फळीवर ठेवला आणि दित्यादादाचा अंगठा घ्यायला शाईचा डबा घेऊन उठले. एक पाऊल टाकलं आणि थांबले. परत बाकावर बसले, डबा बाजूला ठेवला, आणि खाली वाकून लेसची गाठ सोडायला लागले.

गाठ पक्की होती. जरा वेळ लागला.